जपानी एन गेजचे नवे सेट: काय घ्यायचं, काय सोडायचं

दर महिन्याला कातो आणि टोमिक्स या जपानी मॉडेल रेल्वेवाल्यांचं नव्या मालाचं पोस्टर येतं आणि त्याच्या मागोमाग माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. हे घेऊ का, ते बुक करू का, आत्ता नाही घेतलं तर परत मिळेल का. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं इथं ओतते. आधीच सांगते, माझं मत थोडं कडू आहे. पोस्टर बघून जेवढी धडधड होते तेवढं नवं त्यात फारच कमी असतं, आणि जे खरंच नवं असतं ते बरेचदा पोस्टरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं.

जे नव्यानेच या नादाला लागलेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जपानमध्ये रेल्वे मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा एन गेज, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. तिथं याची सुरुवात कातोने १९६५ साली केली, सी५० हे वाफेचं इंजिन आणि त्यामागे ओहा ३१ प्रकारचे जुने डबे. टोमिक्स त्यानंतर १९७६ मध्ये आलं, खेळणीवाल्या टॉमीचा ब्रँड, आता टॉमीटेककडे. शिंकानसेन (जपानची बुलेट ट्रेन) १:१६० मध्ये करतात आणि बाकी गाड्या १:१५० मध्ये. शिंकानसेनचे खरे रूळ १४३५ मिलिमीटरचे, त्याला १६० ने भागलं की जवळजवळ बरोबर ९ येतात, तिथं काही भानगड नाही. पण जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या बाकीच्या लाइनी १०६७ मिलिमीटरच्या, १५० ने भागलं तर ७.१ येतात, त्यामुळे ९ च्या रुळावर ती गाडी पाय फाकवून उभी राहिल्यासारखी दिसते. बाजूने बघताना काही कळत नाही, समोरून डोळा रुळाजवळ नेला की दिसतं, आणि एकदा दिसलं की मग कायम दिसतं, तेव्हा बघू नका! (केईक्यू, हानक्यू वगैरे खासगी कंपन्यांचे रूळ खरे तर १४३५ चेच आहेत, पण त्यांची मॉडेलं पण १:१५० मध्येच येतात, म्हणजे त्या उलट किंचित जाड्या.)

आता पोस्टर. सगळ्यात वरच्या दर्जाचं नवं म्हणजे साचाच नवा. खरी गाडी रुळावर आली की काही महिन्यांत नाहीतर वर्षभरात तिचं मॉडेल जाहीर होतं, जसं एन७००एस १ जुलै २०२० ला सुरू झाली, नाहीतर याकुमो या एक्सप्रेसची २७३ मालिका एप्रिल २०२४ मध्ये आली. किंवा मग एखादी जुनी गाडी जी प्लास्टिकमध्ये कुणी केलीच नव्हती ती अचानक येते, आणि असं काही आलं की मी तरी जास्त विचार करत नाही. साचा बनवणं महागडं काम आहे, एवढा खर्च कंपनी करतेय म्हणजे त्या गाडीवर त्यांनी खरंच मेहनत घेतलीय, आणि पहिल्या लॉटमध्ये छपाई, रंग सगळं जरा जास्तच जपून केलेलं असतं असा माझा अनुभव.

दुसरा प्रकार मला खरं तर सगळ्यात आवडतो आणि लोक नेमका त्याकडेच दुर्लक्ष करतात. साचा जुनाच, पण आतलं बदललेलं. टोमिक्सच्या पोस्टरवर खाली बारीक ओळीत लिहिलेलं असतं, नवी करंट घ्यायची पद्धत, काळी चाकं, एम-१३ मोटर. ही ओळ वाचा, वरचा मोठा फोटो नंतर बघा. जुन्या मॉडेलात चाकं चांदीसारखी चमकायची, दिवे हळू चालवताना लुकलुकायचे, आणि समोरचा दिवा पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, केशरी म्हणावा तर केशरी नाही असा काहीतरी यायचा. नव्यात पिवळसर बल्बसारखा एलईडी स्वच्छ पेटतो आणि मोटर लहान झाल्यामुळे मोटारवाल्या डब्यातसुद्धा खिडकीतून सीट दिसतात, आधी तिथं काळा ठोकळा दिसायचा. कातोकडे पण आता स्लॉटलेस मोटर यायला लागलीय, अगदी हळू वेगात तिचा फरक हाताला कळतो. तुमच्याकडे जुना सेट असेल तर अशा नव्या आवृत्तीसाठी तो विकून टाकायला हरकत नाही, पण नवी जाहीर झाली की जुन्याचा भाव लगेच पडतो, तेव्हा विकायचा तर पोस्टर आल्यावर चार दिवस विचार करत बसू नका.

तिसरा प्रकार म्हणजे रंग बदलून आलेली तीच गाडी. यात मी सरळ शिंकानसेनच्या ५०० मालिकेचं उदाहरण देते कारण सगळा खेळ त्यात एका जागी दिसतो. १९९७ साली आलेली, ३०० किलोमीटर वेगाने धावणारी, तोंड लढाऊ विमानासारखं १५ मीटर लांब, पुढचा डबा २७ मीटरचा. १:१६० मध्ये हा डबा जवळपास १७ सेंटीमीटर भरतो आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त नुसतं नाक! आधी ही १६ डब्यांची नोझोमी (मोजके थांबे घेणारी, सगळ्यात वेगवान) होती, मग २००८ पासून ८ डब्यांची कोदामा (प्रत्येक स्टेशनावर थांबणारी) झाली, २०१० मध्ये नोझोमीतून पूर्ण निवृत्त. २०१५ ते २०१८ इव्हान्गेलियन या अ‍ॅनिमेच्या रंगात एक गाडी फिरली आणि त्यानंतर २०१८ च्या जूनअखेरीला हॅलो किटीवाली गुलाबी आली. मॉडेलवाल्यांना यापेक्षा अजून काय पाहिजे, एक साचा आणि इतके सेट. पण सगळे सेट एकच आहेत असं समजून घेतलं की फसायला होतं. नोझोमीच्या काळात छतावर तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ पंखासारखा आडवा होता, एका जाड खांबावर एक आडवी पट्टी, दुसऱ्या कुठल्याही शिंकानसेनवर तसला दिसत नाही. ८ डब्यांची करताना तो काढून साधा एका हाताचा पँटोग्राफ बसवला. म्हणजे तुमच्या मनातली ५०० जर पहिल्या दिवसांतली, टोकियोपर्यंत येणारी असेल, तर कोदामाचा ८ डब्यांचा सेट स्वस्त पडतोय म्हणून घेऊ नका, छताकडे नजर गेली की प्रत्येक वेळी खटकेल. उलट लहान जागा असेल आणि सगळे डबे पूर्ण लावायचे असतील तर कोदामाच बरी, ८ डब्यांतही गाडी पूर्ण वाटते कारण ती खरोखरच तेवढी आहे. जेआर वेस्टने २०२७ पर्यंत ही गाडी बंद करायचं जाहीर केलंय, त्यामुळे तोपर्यंत या साच्यातून अजून बरंच काय काय बाहेर पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. खरी बघायची असेल तर क्योतो रेल्वे म्युझियममध्ये तिचा ५२१-१ हा पुढचा डबा उभा आहे, त्याच्यासमोर उभं राहून नाक बघितल्यावर मॉडेल घ्यायची इच्छा आवरत नाही, पाकीट जरा सांभाळून जा.

चौथा प्रकार री-रन, म्हणजे तोच माल परत. यात कमीपणा काही नाही. सनराइज एक्सप्रेस, म्हणजे २८५ मालिका, १९९८ ची गाडी, आता रोज धावणारी जपानमधली एकुलती एक झोपायची गाडी, तिचा सेट जेव्हा जेव्हा येतो तेव्हा तेव्हा जातो. टोकियो ते ओकायामा सात आणि सात असे १४ डबे जोडून धावते म्हणून दोन सेट घेणारे पण कमी नाहीत, त्यामुळे दुकानातला ढीग दुप्पट वेगाने संपतो. तरी पण घाबरून दुप्पट भावाने जुना सेट घ्यायची गरज नाही. अशा हुकमी गाड्या कातो परत परत काढतं.

घाबरायचं कुठं ते सांगते. पोस्टरवर कातोने 'खास योजना' किंवा टोमिक्सने 'मर्यादित' असा शिक्का मारला असेल तर तो मनावर घ्या. आणि मायक्रोएस. या कंपनीची गंमत वेगळीच आहे. कुणालाही सुचणार नाही अशा गाड्या काढतात, कुठल्यातरी एका लाइनीवर दोन-तीनच सेट धावत होते अशी एखादी पर्यटन गाडी, किंवा खासगी कंपनीची ठराविक काळातली ठराविक रंगातली लोकल, आणि एक लॉट काढला की विषय संपला. परत आली तर कित्येक वर्षांनी, सुधारलेली आवृत्ती म्हणून, वाढलेल्या भावात. पूर्वी त्यांच्या गाड्यांच्या तोंडांवरून लोक फार नावं ठेवायचे, चेहरा जमलाच नाही म्हणून, आता बऱ्याच सुधारल्यात. तर मायक्रोएसची तुमच्या आवडीची गाडी जाहीर झाली की बुक करा आणि मोकळे व्हा. टॉमीटेकच्या तेत्सुदो कलेक्शनचं पण तसंच. २००५ पासून येतंय, मोटार नसलेली, स्वस्त, मोटार वेगळी घेऊन घालायची, आणि छोट्या छोट्या खासगी रेल्वे कंपन्या त्यातलीच स्वतःची गाडी आपल्या कार्यक्रमात विकतात, ती दुसऱ्या दुकानात येत नाही. तिथं सकाळी रांगेत उभं राहावं लागतं. मला रांगेचा कंटाळा, पण रांगेतल्या गप्पा भारी असतात.

आता डॉक्टर यलो. यावर बोललंच पाहिजे कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त मेसेज यावरच. पिवळी, सात डब्यांची, ९२३ मालिका, ७०० मालिकेवरून बनवलेली, २७० च्या वेगाने धावताना रूळ आणि वरच्या तारा तपासणारी गाडी. वेळापत्रक जाहीर नाही, दिसली तर नशीब फळफळतं असं लोक म्हणतात. जून २०२४ मध्ये जाहीर झालं की जेआर सेंट्रलची टी४ ही गाडी जानेवारी २०२५ मध्ये थांबणार आणि जेआर वेस्टची टी५ पुढं २०२७ मध्ये किंवा त्यानंतर. झालं! ज्यांना आयुष्यात कधी मॉडेल घ्यायचं नव्हतं त्यांनापण पिवळी गाडी पाहिजे. मुलांसाठी, नातवासाठी, ऑफिसच्या टेबलासाठी. कुठली गाडी बंद होणार म्हटलं की मॉडेलचा बाजार असाच तापतो, ब्लू ट्रेनच्या (निळ्या डब्यांच्या रात्रीच्या झोपायच्या गाड्या) वेळी तेच, २०१५ ला त्यातली होकुतोसेई थांबली तेव्हा तेच. आणि इथं माझं कडू मत परत येतं: निवृत्तीच्या बातमीनंतरच्या तीन महिन्यांत काहीही घेऊ नका. मागणी तेव्हाच सगळ्यात वर असते, वापरलेला माल नव्यापेक्षा महाग मिळतो, आणि कंपनीला पण ही मागणी दिसत असते ना, ती काय झोपलीय का. साचा शाबूत आहे, री-रन येतोच. टी४ चा पुढचा डबा आता नागोयाच्या लिनिअर रेल्वे म्युझियममध्ये उभा आहे, तो पळून जात नाही आणि मॉडेल पण नाही.

बुकिंग कसं चालतं ते समजलं की निम्मी घबराट जाते. कंपनी जाहीर करते, दुकानं ठराविक तारखेपर्यंत आपापली मागणी कळवतात, त्यावरून किती बनवायचं ते ठरतं, आणि माल पुढं चार-सहा महिन्यांनी येतो. किंवा येत नाही. पुढं ढकललं जाणं इतकं नेहमीचं आहे की मी तारीख लिहून ठेवणंच सोडलंय. खरा त्रास असा की तीन वेगवेगळ्या महिन्यांचे सेट ढकलले जाऊन एकाच महिन्यात येऊन आदळतात आणि दहा डब्यांची पूर्ण गाडी म्हटली की हल्ली २०-३० हजार येन सहज जातात, मग कार्डाचं बिल बघवत नाही. दुकानं छापील किमतीवर सूट देतात म्हणून लोक दोन-तीन ठिकाणी बुक करून ठेवतात आणि नंतर रद्द करतात, कृपया करू नका, यामुळेच छोटी दुकानं आगाऊ पैसे मागायला लागलीत. माझं एकदा असं झालं की एका ऑनलाइन दुकानाने महिनोन्महिने बुकिंग पक्कं दाखवलं आणि माल यायच्या आदल्या दिवशी मेल, वाटप कमी आलं, क्षमस्व, रद्द. तेव्हापासून ज्या गाडीवर जीव आहे ती मी समोरच्या माणसाला ओळखते त्या दुकानातच बुक करते, सूट थोडी कमी मिळाली तरी चालेल.

सेटची रचना पण बघून घ्या. बेसिक सेटमध्ये मोटारवाला डबा आणि दोन्ही टोकं असतात, अॅड-ऑनमध्ये मधले डबे. कातोच्या एन७००एसचंच घ्या, बेसिक ४, मग अॅड-ऑन ४, मग अजून ८, असे १६. खरी गाडी साधारण ४०५ मीटर, म्हणजे मॉडेल अडीच मीटर. अडीच मीटर! घरातल्या टेबलावर ती मावतच नाही, डोकं शेपटीला धडकतं. पण अॅड-ऑन नंतर घेऊ म्हणून ठेवला आणि पुढच्या लॉटचा घेतला की रंगात फरक निघू शकतो. पांढऱ्या शिंकानसेनमध्ये फारसं लक्षात येत नाही, निळ्या ब्लू ट्रेनमध्ये आणि मरून रंगाच्या हानक्यूमध्ये लगेच दिसतं. तेव्हा घ्यायचं तर सगळं एकाच लॉटचं, नाहीतर मनात पक्कं करा की मी ८ डब्यांचीच चालवणार.

बॉक्स उघडल्यावरचं काम कंपनीप्रमाणे बदलतं आणि हे पोस्टरवर कुणी सांगत नाही. कातोच्या डब्यावर बहुतेक वेळा नंबर छापूनच येतो, काढली की रुळावर ठेवली. टोमिक्स तुम्हाला नंबर स्वतः लावायला लावतं. घासून उतरवायच्या अक्षरांची एक शीट येते, त्यातला हवा तो नंबर, मिलिमीटरभर उंचीचा, डब्याच्या कडेला नेमक्या रेषेत धरायचा, टेप लावायची, बोथट पेन्सिलीने हळू घासायचं, आणि कागद उचलताना श्वास रोखायचा कारण शेवटचा आकडा हमखास कागदाला चिकटून वर येतो. शिवाय अँटेना, शिट्टी, कधी पायऱ्यांचे दांडे पण सुटे, छताला आतून साच्याच्या खुणेवर अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडायचं. काहींना याचा राग येतो. मला तर हेच आवडतं, ड्रिलची चिमूटभर पांढरी भुकटी पडली की वाटतं आता ही गाडी माझी झाली. पण लहान मुलांसोबत खेळायला घेताय तर कातोच घ्या, वाद नको.

दोघं एकच गाडी एकाच सुमारास काढतात तेव्हा मात्र मजा येते. इंटरनेटवर पँटोग्राफची जाडी, खिडकीच्या काचेची पातळी, निळ्याची छटा यावर पानंच्या पानं भांडण होतं. माझा उपाय सोपा, जी माझ्याकडच्या रुळांना आणि कपलरला (डबे जोडणारा हुक) जुळते ती. कातोच्या दोन शेजारच्या लाइनींमधलं अंतर ३३ मिलिमीटर, टोमिक्सचं ३७. कपलर पण वेगळे. एका घराण्यात राहिलात तर निम्मी डोकेदुखी वाचते, निदान शिंकानसेनच्या बाबतीत तरी, तिथं डबे एकमेकांत अजिबात मिसळत नाहीत.

कातो आपल्या गाड्यांचे सुटे भाग पण विकतं, नुसतं डब्याचं वरचं कवच, नुसतं चाकांचं बोगी, नुसता सीटचा पट्टा. नवी गाडी आली की काही लोक सेट न घेता हे भागच गोळा करून डबा उभा करतात, तो पैशाने स्वस्त पडतोच असं नाही. पण तुटलेल्या भागासाठी मात्र हे फार कामाचं, आणि भाग गाडीसोबतच येतात, लवकर संपतात, म्हणून तुमची गाडी आली त्याच आठवड्यात जादाचे पँटोग्राफ घेऊन ठेवा. पँटोग्राफ मोडतोच.

नवं सोडलं आणि वापरलेलं घ्यायचं ठरवलं तर टोकियोच्या आकिहाबारात मॉडेलची इतकी दुकानं आहेत की एक दुपार पुरत नाही. बॉक्स उघडून दाखवा म्हणायला लाजू नका. पुस्तकासारख्या केसमधला फोम जुना झाला की चिकट होतो आणि रंगाला चिकटतो, तो बघा. मोटारवाल्या डब्याच्या चाकावरचं रबर सैल किंवा कडक झालंय का बघा. टोमिक्सचा सेट असेल तर नंबर आधीच लावलेत का, सरळ लागलेत का, आणि सुट्या भागांची पिशवी सीलबंद आहे का बघा. पिशवी नसेल तर किंमत कितीही चांगली असो, मी तो सेट परत ठेवते.

आणि ते १६ डबे चालवायचे कुठं, हा प्रश्न मला दर वेळी येतो. भाड्याचे लेआउट (रूळ मांडून ठेवलेली मोठी टेबलं) असतात, तासावर पैसे, आपली गाडी घेऊन जायची. तिथं वळणं मोठी असतात, म्हणजे लांब शिंकानसेनसुद्धा कोपऱ्यात ओढल्यासारखी दिसत नाही, आणि बाहेरच्या लाइनीवर पूर्ण गाडी सरळ रेषेत समोरून जाताना बघायला मिळते. जाताना स्वतःचा कंट्रोलर लागतो का ते आधी फोन करून विचारा, चाकं पुसून न्या, आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, त्यापेक्षा उघडल्या उघडल्या गेलात तर हवी ती लाइन मिळते.